माईंच्या मोटारीचा बुश

अमरावतीचे शेठ मोटारीचे सुटे भाग विकत; बोलायला मऊ, पण भावाला कठीण. एकसष्ट सालची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. ते अकोल्याला खुशालरावांच्या कारखान्यात आले, कोटाच्या खिशातून पितळेची एक नळी काढली आणि टेबलावर उभी केली. नळी बोटभर उंच, आत अंगठा जाईल एवढी पोकळ. मोटारीच्या चाकांवर धक्के झेलायला लोखंडी पाटे असतात, त्या पाट्यांच्या टोकाला डोळा असतो, त्या डोळ्यात ही नळी बसते आणि नळीतून खिळा जातो. तिला सगळे बुश म्हणतात. मोटारीत बसणाऱ्याला तो कधी दिसत नाही. तो झिजला की मात्र कंबरेला कळतं.

"खुशालराव, हा तुमचाच माल," शेठ म्हणाले. "मालात खोट नाही. पण मुंबईचा बुश मला नव्वद नव्या पैशांत पडतो, आणि तुमचा एक रुपया चाळीसला."

"मुंबईचा बुश सहा महिन्यांत ढिला होते, शेठजी."

"होत असेल. पण गिऱ्हाईक भाव आज विचारतं आणि तक्रार सहा महिन्यांनी घेऊन येतं. नव्वदच्या आत बसवा, पाच हजार बुशांचं काम तुमचं. माघात आमच्या घरी सप्ताह आहे, तोवर थांबतो. मग मुंबईला लिहून टाकतो."

शेठ चहा घेऊन गेले. खुशालराव कारखान्याचे मालक, पण अंगावर कायम निळा डगला आणि कानावर पेन्सिल. मालक कोण आणि कामगार कोण हे नव्या माणसाला विचारावं लागे. ते उठले आणि धातू तासायच्या लेथ मशीनवर हात ठेवला.

"सूर्यभान, हे काम गेलं तर ही लेथ मी विकून टाकीन बाप्पा. यवतमाळचा एक जण मागून राहिला. मंग तुले काय काम देऊ मी?"

सूर्यभान त्यांचा लेथवरचा कारागीर. त्या लेथवर त्याची चौदा वर्षं गेली होती. मेव्हणा भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात होता आणि दर चिठ्ठीत 'येऊन जा, साहेबाला सांगून ठेवलं आहे' असं लिहायचा. पगार तिकडे जास्तच मिळाला असता. पण भुसावळात पार्वतामाई नव्हत्या.

पार्वतामाई म्हणजे अंजनगावच्या बाजूच्या कीर्तनकार. वय साठीच्या घरात, अंगाने काटक, नऊवारी लुगडं, कपाळाला बुक्का. आवाज असा की मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या बाईच्या मांडीवरचं लेकरूही रडायचं थांबे. धामणगावच्या भक्तमंडळींनी त्यांना एक जुनी काळी मोटार दिली होती. नत्थुजी ती चालवायचे आणि गावात पोचलं की हात धुऊन पेटीवर बसायचे. माई अकोल्याच्या चाळीस मैलांत कुठेही उभ्या राहिल्या की त्यांच्या पाठीमागे उजव्या हाताला टाळ घेऊन सूर्यभान उभा असायचाच. सकाळी लेथ, संध्याकाळी टाळ. माईंनी अभंगाचा शेवटचा चरण उचलला आणि मान किंचित डावीकडे कलली की लय वाढवायची, एवढं त्याला कळायचं, आणि ते कळणं हीच त्याची सगळी कमाई होती. भुसावळला जायचं म्हणजे ही मान दिसायची नाही.

म्हणून तो कामाला लागला.

खर्च कुठे होतो हे त्याला पाठ होतं. पितळेची दीड इंची भरीव कांब लेथवर चढवायची, आतून भोक पाडायचं, बाहेरून तासायचं, मग ग्रीस आत जावं म्हणून बारीक भोक आणि आतल्या अंगाला एक चर. जितकं पितळ बुशात राही त्याच्या दुप्पट कीस होऊन पायाशी पडे. पहिल्यांदा त्याने बारीक कांब घेऊन बुश पातळ करून पाहिला. तो चिमट्यात धरताच चपटा झाला. मग खुशालरावांनी पोकळ बुश ओतायचा घाट घातला. वाळूत साचे केले, पितळ वितळवलं, आणि निघालेले वीस बुश अनारशासारखे आतून भोकाभोकांचे निघाले.

"पाच शेर पितळ, तीन दिवस, आन हे फळ," खुशालराव म्हणाले. "आता देवालेच ठेका दे."

"देव कोटेशन देत नाई मालक," सूर्यभान म्हणाला.

आठवडा असाच गेला. एका रविवारी सकाळी तो घरी ओसरीवर बसून चहा पीत होता. त्याची बायको जमुना समोर चुलीजवळ बसून पायातलं जोडवं काढून पाहत होती. जोडवं सैल झालं होतं, विहिरीवर दोनदा निसटलं होतं. जोडव्याला खालून फट असतेच. जमुनाने सांडशीने ते जरा दाबलं, फट बारीक केली, बोटात सारलं. ते आपोआप थोडं फाकलं आणि बोटाला घट्ट धरून बसलं.

सूर्यभानचा चहा कपातच राहिला.

"अजी, पायाकडे काय पाहून राहिले?"

"ते पुन्हा काढ बरं."

"काहून?"

"काढ तं. आन मले दे, कारखान्यात नेतो."

"नवरा समोर बसला असताना जोडवं घराबाहेर धाडू? डोकं ठिकाणावर हाये ना तुमचं?"

जोडवं मिळालं नाही. पण बायकोने पाऊल पुढे केलं आणि नवऱ्याने दोरा घेऊन त्या बोटाभोवती चार वेळा गुंडाळला, फट मोजली, दाबून पाहिलं. शेजारच्या मैनाबाई कुंपणावरून पाहत होत्या. त्यांनी दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत सांगितलं की सूर्यभान आता बायकोच्या पायाला दोरे बांधतो.

सोमवारी त्याने पितळेच्या पत्र्याची पट्टी कापली, लोखंडी गजाभोवती लाकडी हातोडीने गुंडाळली आणि दोन अर्ध्या भागांच्या साच्यात घालून स्क्रूच्या दाबाखाली पिळली. निघाली ती गोल नळी, एका बाजूने उभी फट असलेली. डोळ्याच्या भोकापेक्षा अंमळ मोठी. ती भोकात ठोकली तशी फट मिटत आली आणि नळी आतून फाकून चिकटली. बाहेरून तासायचं काम नाही, कीस नाही, वाया गेलेलं पितळ चिमूटभर.

खुशालरावांनी कानावरची पेन्सिल काढली, भिंतीवरच हिशेब केला आणि म्हणाले, "ब्याऐंशी नवे पैसे. भोक आन चर धरून." मग जरा थांबून म्हणाले, "पण लेका, लेथ वाचवाले निघालास आन लेथचंच काम काढून टाकलंस."

"गज कोण तासन? साचे कोण करन? पाच हजारांत चार साचे तं झिजतीनच," सूर्यभान म्हणाला. त्याने ते आधीच मनात मोजलं होतं.

शेठ स्वतः पाहायला आले. त्यांनी नळी बोटात घालून फिरवली, फटीवर नख चालवलं.

"हा तर फाटका आहे."

"फाटका नाई शेठजी. उघडा हाये."

"गिऱ्हाईकाला कसं सांगू? तुमच्यावर भरवसा आहे हो, पण रस्त्यावर भरवसा नाही." शेठ हसले. "एक करा. पार्वतामाईंच्या मोटारीत बसवा. ती गाडी महिनाभर वऱ्हाड पालथं घालते, आणि आमच्या सप्ताहाच्या काल्याच्या कीर्तनाला अमरावतीला येणारच आहे. माईंच्या गाडीत टिकला तर मी गिऱ्हाईकाला तेच सांगीन. त्याहून मोठी पावती मला नको."

आता खरी पंचाईत झाली. सूर्यभानने गुंडाळलेले बुश दोन गाड्यांसाठी केले. एक माईंची, आणि ताडून पाहायला दुसरी जानरावची जीप. जानराव त्याचा लहानपणचा दोस्त. अकोला-दर्यापूर वाटेवर माणसं, पोती, बकऱ्या, काय मिळेल ते भरून नेत असे. छप्पन साली घरच्यांसोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून तो देवळाच्या वाटेला जात नव्हता, आणि सूर्यभानच्या टाळावरून त्याची टिंगल करणं हा त्याचा रोजचा नेम होता. त्याच्या जीपला फटीचे बुश सूर्यभानने बिनदिक्कत दिले. पण माईंची गाडी?

फट असलेली वस्तू म्हणजे खंडित वस्तू. तडा गेलेला शंख देवापुढे ठेवत नाहीत, चीर पडलेला टाळ कीर्तनात घेत नाहीत. ज्या गाडीत बसून माई देवाचं नाव सांगायला जातात तिच्या खाली आठ फाटके बुश आपल्या हाताने घालायचे, हे सूर्यभानच्या गळी उतरेना. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तो सकाळी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून कारखान्यात आला, आठ बुश वेगळे काढले आणि प्रत्येकाच्या फटीला डाख दिला. कथील-शिशाचा रस फटीत भरला, बाहेरून कानस मारली, सगळे अखंड गोल दिसायला लागले. हळदी-कुंकवाचं एकेक बोट लावून त्याने ते नत्थुजींच्या हवाली केले. खुशालरावांना तो यातलं काही बोलला नाही. मालकांनी डाखाचा खर्च मोजला असता, आणि वर हसले असते.

नत्थुजींनी बुश बसवताना एकदा म्हटलं, "सूर्यभानभाऊ, हे सरकत नाईत हो, लय ठोकावं लागून राहिलं." सूर्यभान म्हणाला, "नवे हायेत. रुळतीन."

रुळले कसले. दहा-बारा दिवस बरे गेले. मग दर्यापूरच्या पलीकडे, सूर्यभानच्या चाळीस मैलांबाहेर, काळ्या मातीच्या कच्च्या वाटेवर माईंच्या मोटारीने तोंड उघडलं. प्रत्येक खड्ड्याला किंऽऽच, प्रत्येक चाकोरीला कुंईऽऽ. चार शेतं पलीकडे कापूस वेचणाऱ्या बायका उभ्या राहून पाहायला लागल्या. गाव येण्याआधी आवाज गावात पोचायचा. माईंच्या कीर्तनाला दवंडीची गरजच उरली नाही. एका गावी पाटलांनी विचारलं, "माई, गाडीत डुक्कर आणलं का?" आणि माई म्हणाल्या, "नाई बापू, नत्थुजींची पेटी हाये, रियाज करून राहिली."

सप्ताहाच्या काल्याला दहा दिवस उरले असताना ती मोटार ओरडत ओरडत खुशालरावांच्या दारात आली. सूर्यभानने आवाज कोपऱ्यावरूनच ओळखला आणि लेथ बंद केली. माई उतरल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सूर्यभान, तुह्या टाळाले मी कधी बोल लावला नाई. पण हे जे तू माह्या बुडाखाली वाजवून राहिला, याचा ताल मले काही सापडला नाई."

खुशालराव बाहेर आले. त्यांच्या कानावर पेन्सिल होती, तोंडावर रंग नव्हता. गाडी ठोकळ्यावर चढवली, एक खिळा काढला. बुश बाहेर आला तो कोरडा ठणठणीत, आतून ओरखड्यांनी भरलेला, आणि डाखाचा एक वळ आत उतरून खिळ्यावर घासत बसलेला. ग्रीस भोकापाशी आलं होतं तेवढंच. आतली चर डाखाने बुजली होती, पुढे सरकायला त्याला वाटच नव्हती.

"हा डाख कोणी देला?" खुशालरावांनी विचारलं.

सूर्यभानने मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. शंखाचं, टाळाचं, हळदी-कुंकवाचंही. खुशालराव ऐकत होते आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडत होतं.

"म्हणजे शेठनं बुश गाडीत पारखाले सांगतले, आन तू पारखायचा मालच बदलून टाकला?"

"माईची गाडी हाये मालक. फुटकं कसं घालू?"

एवढ्यात जानरावची जीप दारात येऊन उभी राहिली. तो दर्यापूरच्या वाटेवर माईंच्या गाडीमागूनच आला होता आणि तमाशा पाहायला थांबला होता. त्याने सगळं ऐकलं आणि जीपच्या पायरीवर बसून पोट धरून हसला.

"अबे टाळकुट्या, माह्या जीपले फाटके देले आन माईले अखंड. मंग माहे का गप हायेत? काढ माहा एक. काढ, पाह्य."

काढला. जानरावचा बुश आतून आरशासारखा झळकत होता. ग्रीस या टोकापासून त्या टोकापर्यंत फटीतून सरळ धावलं होतं आणि तिथून सगळ्या अंगाला पसरलं होतं. सूर्यभानने बोट फिरवलं, बोट काळं-मऊ होऊन बाहेर आलं.

"म्या बसवतानी फट ग्रीसच्या तोंडासमोर फिरवून घेतली," जानराव म्हणाला. "म्हटलं, वाट हाये तं जाऊ दे तिकडून. तू पाडलेलं ते बारकं भोक कोठी गेलं मले माहीत नाई. मागच्या अंगाले असन."

खुशालराव आणि सूर्यभान दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भोकाची गरज नव्हती. चर खोदायची गरज नव्हती. ज्या फटीची त्यांना लाज वाटत होती तीच भोकाचं आणि चरीचं काम फुकट करत होती. खुशालरावांचा हात कानाकडे गेला. भिंतीवर जुन्या हिशेबाखाली नवा हिशेब झाला आणि तो चौऱ्याहत्तर नव्या पैशांवर थांबला.

माई एका खोक्यावर बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी जानरावचा बुश मागून घेतला, डोळ्याशी धरून फटीतून सूर्यभानकडे पाहिलं.

"मले हेच घाल."

"माई, पण..."

"माह्या तोंडात पुढचे दोन दात नाईत, सूर्यभान. मंग मले बी खंडित म्हणून कीर्तनातून काढतोस का?"

जानराव पुन्हा हसला. या वेळी नत्थुजीही हसले, आणि कारखान्यातली बाकीची माणसंही. सूर्यभानला मात्र हसू आणि रडू एकदमच येत होतं. आठ नवे बुश, फट असलेले, बिनाडाखाचे, ग्रीसच्या तोंडाशी तोंड लावून त्याने स्वतःच्या हाताने बसवले.

गाडी मुकाट्याने गेली. मग खुशालराव म्हणाले, "हे पाहा, झालं ते झालं. शेठले काही सांगू नको. गाडी अमरावतीले जाईन, शेठ पाहीन, काम होईन."

"त्यायनं महिना म्हटला होता मालक. दहा दिवसांत महिना कसा भरन?"

"जानरावच्या जीपचा महिना भरला ना?"

"ते त्यायले सांगावं लागन. आन ते सांगतो तं हेबी सांगावं लागन."

"तू सांगशील तं ते म्हणतीन, ज्या माणसाले आपल्या मालाचीच लाज वाटते त्याचा माल कोण घेईन?"

मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण कीर्तनात ज्याच्यासमोर टाळ धरायचा त्याच्याशी लपवाछपवी करून टाळ धरता येत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. आणि तो टाळ शेठच्याच अंगणात धरायचा होता.

काल्याच्या दिवशी शेठच्या अंगणात मांडव घातला होता. अकोल्याहून माईंची मोटार आली, मागोमाग खुशालरावांना आणि टाळकऱ्यांना घेऊन जानरावची जीप आली. सकाळचे नऊ वाजले असतील. शेठ पांढरं धोतर नेसून, उपरणं घेऊन दारात उभे होते. सूर्यभान सरळ त्यांच्यापुढे गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. डाख, आवाज, जीप, दहा दिवस. काही मागे ठेवलं नाही. खुशालराव चार पावलांवर उभे राहून मांडवाच्या झालरीकडे पाहत राहिले.

शेठनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

"कीर्तन होऊ द्या," ते एवढंच म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले.

ते कीर्तन सूर्यभानने कसं काढलं हे त्याचं त्याला ठाऊक. हात चालत होते, पण नजर पहिल्या रांगेतल्या शेठवर. पूर्वरंगात दोनदा लय घसरली. नत्थुजींनी पेटीवरून डोळे वटारले. माईंनी एकदा मागे वळून पाहिलं आणि काही झालंच नाही अशा पुढे गेल्या. गोपाळांच्या शिदोऱ्यांची गोष्ट चालली होती. कोणाची भाकर, कोणाचा नुसता ठेचा, कोणाकडे काहीच नाही, आणि सगळ्यांचं एकत्र कालवून खाणारा तो. गोष्ट रंगात आली असताना माई थांबल्या. पदर खोचला.

"मायबाप हो, आम्ही देवापुढं जातो तेव्हा कसे जातो? डाख देऊन जातो. फटी बुजवून, कानस मारून, वरतून हळदी-कुंकू लावून. दिसाले अखंड. आन आतून? आतून कोरडे. जरा खड्डा आला का किंऽऽच."

मांडवात हसू फुटलं. दर्यापूरकडचे जे पाहुणे होते त्यांना ही किंकाळी ओळखीची होती. ते तर एकमेकांच्या अंगावर पडले. माईंनी चिपळ्या उचलल्या आणि तिथल्या तिथे चाल लावून म्हणाल्या:

"ठेव उघडी रे फट, नको बुजवू जिवाले,
त्याचं वंगण येईन, वाट राहू दे त्याले."

त्यांची मान किंचित डावीकडे कलली. सूर्यभानच्या हातांनी ती मान पाहिली आणि बाकीचा सूर्यभान विसरून गेला. लय चढली. टाळ असा वाजला की मांडवाबाहेर जीपला टेकून उभा असलेला जानरावही पायाने ठेका धरू लागला, आणि धरतोय हे लक्षात आल्यावर त्याने तो पाय दुसऱ्या पायाखाली दाबला. पहिल्या रांगेत शेठ टाळ्या वाजवत होते. डोळे मिटलेले. ते भावाचा विचार करत होते की देवाचा, हे सूर्यभानला सांगता आलं नसतं, आणि त्या घटकेला त्याला विचारायचंही नव्हतं.

हंडी फुटली. दही-लाह्यांचा काला वाटायला सुरुवात झाली आणि रांगेत रेटारेटी लागली. तेवढ्यात शेठ उठले, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि मांडवातून सरळ बाहेर, माईंच्या मोटारीकडे निघाले.

"नत्थुजी, गाडी उचला. एक काढून दाखवा."

"आत्ता, शेठजी? धोतर..."

"धोतर धुता येतं."

जानरावने जॅक लावला, सूर्यभान पाठीवर झोपून खाली गेला. दहा-पंधरा माणसं हातात काला घेऊन वाकून पाहत होती. बुश निघाला. शेठनी तो पुसू दिला नाही; आत बोट घातलं, फिरवलं, काढून उन्हात धरलं. बोट मुळापर्यंत काळं. मग ते जीपकडे वळले.

"हा महिना झालेला ना? आता हा काढा."

जीपचाही बुश निघाला. त्यातही बोट घातलं. दोन्ही बोटं शेजारी शेजारी धरून त्यांनी पाहिली. खुशालराव एक पाऊल पुढे सरकले.

"झीज दिसत नाही," शेठ म्हणाले. "जीप किती चालली?"

"दोन खेपा रोज, दर्यापूर," जानराव म्हणाला. "बाजारच्या दिवशी तीन. आन माणसं मोजू नोका शेठजी, पोलीस मोजत नाई तं तुमी काहून मोजता?"

शेठ हसले. मग सूर्यभानकडे वळले. "आणि आता याला भोक नाही, चर नाही?"

"नाई."

"भाव?"

खुशालरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना ऐंशी म्हणायचं होतं. सहा पैसे घासाघाशीसाठी ठेवायचा रिवाज असतो. पण ते सूर्यभानकडे पाहत होते, आणि सूर्यभान गाडीखालून अर्धा बाहेर निघालेला, केसात माती, त्यांच्याकडे पाहत होता.

"चौऱ्याहत्तर," खुशालराव म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण हळूच.

"पाच नाही, आठ हजार घेईन," शेठ म्हणाले. "पहिले दोन हजार होळीच्या आत. आणि प्रत्येक पुडक्यात एक कागद घाला, फट कुठल्या बाजूला ठेवायची ते लिहून. नाहीतर वऱ्हाडात भाविक माणसं फार आहेत, घरोघरी डाख देतील."

आजूबाजूची माणसं हसली. खुशालरावांनी दोन्ही हातांनी शेठचा काळा हात धरला. मग दोघांनाही आपले हात दिसले आणि ते कुठे पुसायचे हा प्रश्न पडला.

"मालक," सूर्यभान उठून बसत म्हणाला, "होळीच्या आत दोन हजार म्हणजे उद्याच गज तासाले घ्यावा लागन. लेथचा पट्टाबी ढिला हाये."

"उद्या काहून? आज सांजच्याले पोचलो का पट्टा बदलू." खुशालरावांनी कानावरची पेन्सिल काढली. "यवतमाळवाल्याले मी चिठ्ठी लिहितो. नाई म्हणून."

माई काल्याची परात घेऊन तिथवर आल्या होत्या. काल्याला लहानमोठा, घरचा-परका पाहत नाहीत, ज्याच्या त्याच्या तोंडात घास घालायचा. त्यांनी परात पुढे केली तशी सूर्यभानने हात मागे घेतले. कोपरापर्यंत ग्रीस.

"आ कर," माई म्हणाल्या.

त्याने लहान लेकरासारखा आ केला. दही, लाह्या, डाळिंबाचे दाणे, मिरचीचा एक तुकडाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते मिरचीवर ढकललं.

मग माई जानरावकडे वळल्या. तो जॅक हातात घेऊन दोन पावलं मागे सरला.

"माई, मी कीर्तनाले नाई आलो. गाडी पाहाले आलो."

"मले ठावं हाये. भूक लागली का?"

जानरावने जॅक खाली ठेवला. "दही-लाह्यांशी माहं काही भांडण नाई," तो म्हणाला, आणि त्याचेही हात काळे असल्यामुळे त्यानेही तोंड उघडलं.